आतल्या बाजूचं काम

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही बंदरावरच्या इंजिन गॅरेजात जा, पाय ठेवायला जागा मिळणार नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात आणि इंजिनाचं मोठं काम करायचं तर तेही याच दिवसांत करावं लागतं. पण जूनमध्ये बोटवाल्याच्या हातात पैसा नसतो. मागच्या हंगामाची देणी भागवण्यात महिना निघून जातो, व्यापाऱ्याकडून उचल मिळते ती जुलै उजाडल्यावर. मग सगळी इंजिनं एकदम गॅरेजच्या दारात येऊन पडतात. जो तो १ ऑगस्टचं बोलत असतो. जाणता मिस्त्री एकच, बाकी शिकाऊ पोरं. फरशीवर तीन-चार इंजिनं उघडी, एकाचे बोल्ट दुसऱ्याच्या ट्रेमध्ये, वर पाऊस, आणि रात्री दोनपर्यंत चालणारं काम.

बंदरावर इतकी वर्षं काढल्यावर मी ठामपणे सांगतो, की समुद्रात बंद पडलेल्या कितीतरी इंजिनांचं दुखणं या एका आठवड्यात सुरू झालेलं असतं.

मी ट्रॉलरचा मालक आहे आणि इंजिनही स्वतःच सांभाळतो. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. वडिलांच्या बोटीवर होतो तेव्हापासून कानाला त्याचीच सवय. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस ती बाजूला घेतो आणि चहाच्या टपरीवर बसतो. समुद्रात तसं नाही. इंजिन चालू असतं तोवर बोटीचं नाळ लाटेला धरून ठेवता येतं. ते थांबलं की बोट आडवी होते आणि लाट बाजूने घेते. आत येणारं पाणी उपसायचा पंपही बहुतेक बोटींवर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. म्हणजे ज्या वेळी पाणी आत यायला लागणार, नेमकी त्याच वेळी उपसायची सोय बंद. बोटीवर आम्ही आठ माणसं असतो. त्यातले काही थेट नेपाळहून आलेले, पोहणंही बेताचंच येणारे. गॅरेजात बोल्ट आवळणाऱ्या माणसाला ही आठ माणसं दिसत नाहीत. दिसावीत, असं मला मनापासून वाटतं.

एका पावसाळ्यात मी इंजिनाचं पूर्ण काम काढलं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं नवीन. बिल मोठं झालं, पण इंजिन जुनं होतं आणि ऑइल खायला लागलं होतं. जुलै संपता संपता मिस्त्रीने इंजिन बांधून दिलं. चालू केलं तेव्हा आवाज इतका गोड होता की तांडेलाने नारळ वाढवला. ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्या जवळच्या पाण्यात झाल्या, कोळंबी बऱ्यापैकी लागली. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला आणि आम्ही वीस-पंचवीस वाव पाण्यात गेलो.

जाळं टाकलं, ओढ सुरू झाली, मी स्पीड वाढवला. ऑइल प्रेशरचा काटा सकाळी चार किलोवर होता, तापल्यावर तीनवर स्थिरावला होता. आता तो थरथरायला लागला आणि हळूहळू दोनच्याही खाली आला. मी स्पीड कमी केला. काटा परत वर. पुन्हा वाढवला, पुन्हा खाली.

हे उलटं होतं. निरोगी इंजिनात स्पीड वाढला की पंप जोरात फिरतो आणि प्रेशर वाढतं. इथे पंपाला जितकं ऑइल हवं तितकं खालून मिळतच नव्हतं. पट्टी काढून बघितली, ऑइल पुरेपूर. म्हणजे ऑइल होतं आणि तरी ते पंपापर्यंत पोचत नव्हतं. मी तांडेलाला म्हटलं, जाळं वर घ्या.

तांडेल माझ्यापेक्षा वयाने मोठा. तो म्हणाला, "भाऊ, एवढी ओढ पुरी होऊ दे. तासाभराचा प्रश्न आहे." त्याचंही चुकीचं नव्हतं. बर्फ भरलेला, डिझेल जाळलेलं, आणि माल दिसत होता. खलाशांची नजर माझ्याकडे. पण ऑइलविना क्रँक किती वेळ फिरेल हे कुणालाच सांगता येत नाही. बेअरिंग धरलं की इंजिन एका झटक्यात जाम होतं, आणि कनेक्टिंग रॉड तुटला तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. कमी स्पीडवर विंच चालवून जाळं आत घेतलं, नांगर टाकला आणि मी इंजिन बंद केलं. व्हीएचएफवर ओळखीच्या बोटींना हाका मारल्या. अंधार पडल्यावर एक आली आणि तिने आम्हाला रात्रभर ओढून बंदरात आणलं. तिच्या मालकाने त्याबद्दल एक पैसा घेतला नाही. बंदरावर अशी माणसं आहेत, म्हणून हा धंदा चालतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला बोटीवर आला. धक्क्याला बांधलेल्या बोटीत, आरामात चालणाऱ्या इंजिनावर त्याने काटा दाखवला. साडेतीन. "काही झालेलं नाही. मीटर खराब आहे, बदलून टाक." मी म्हटलं, ओढीला पडतो. तर म्हणाला, ऑइल हलकं असेल. ऑइल त्यानेच भरलं होतं. मग म्हणाला, डिझेलमध्ये पाणी असेल. डिझेलमधल्या पाण्याचा ऑइलच्या प्रेशरशी काय संबंध, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. अडीनडीला त्याने उधारीवरही काम केलेलं आहे. पण स्वतःच्या हातून गेलेल्या इंजिनात खोट असू शकते, हा विचार त्याच्या मनात शिरतच नव्हता. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास झाला तो या गोष्टीचा. बिघाड होऊ शकतो. ऐकून घ्यायलाच नकार, तेही त्याच्या भरवशावर समुद्रात जाणाऱ्या माणसाला, हे मला सहन झालं नाही.

मी खाडीपलीकडच्या एका म्हाताऱ्या फिटरला घेऊन आलो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी इंजिन चालू करायला सांगितलंच नाही. एकच विचारलं, "काटा पडतो तो थंड असताना की गरम?" मी म्हटलं, गरम, आणि स्पीड वाढवला की. ते म्हणाले, "उचलायला लागेल."

बोटीत इंजिनाचा चेंबर, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं, असा सहज काढता येत नाही. खाली हात घालायला जागाच नसते. कपलिंग सोडायचं, पाइप सोडायचे, चेनकुप्पी लावून अख्खं इंजिन बेडवरून वर घ्यायचं, मग चेंबरचे बोल्ट. आमचा दिवस त्यात गेला. चेंबर खाली आला तसा मी हात पुढे केला. चाचा ओरडले, "थांब. आधी फोटो काढ."

ऑइल पंपाच्या पाइपाच्या टोकाला तळाशी जाळी असते, कचरा वर जाऊ नये म्हणून. त्या जाळीवर राखाडी रंगाचे, शेवयांसारखे रबरी धागे गुंडाळून बसले होते. एकेक वीतभर. चाचांनी ते चिमट्याने सोडवून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. जाळीचा जेमतेम चौथा हिस्सा मोकळा राहिला होता. मग त्यांनी एका रॉडची कॅप खोलली आणि आतली बेअरिंगची वाटी माझ्या तळहातावर ठेवली. नवीन वाटी आतून मळकट चंदेरी असते. हिच्या मधोमध तांबडा पट्टा उमटला होता. वरचा थर घासून खालचं तांबं उघडं पडलं होतं. एका महिन्यात.

ते धागे होते सिलिकॉनच्या पेस्टचे. चेंबर ब्लॉकला बसवताना मधल्या गॅस्केटला ऑइल गळू नये म्हणून पेस्ट लावतात. ती लावायची असते बोटाने पुसल्यासारखी पातळ. जाड लावली की बोल्ट आवळताना ती दोन्ही बाजूंनी बाहेर येते. बाहेर आलेली दिसते, ती फडक्याने पुसली जाते आणि इंजिन स्वच्छ दिसतं. आत आलेली कुणाला दिसत नाही. ती गरम ऑइलमध्ये सैल होते, तुटते, तळाशी जाते आणि जाळीवर ओढली जाते. धक्क्यावर रिकामं इंजिन चालवलं तर पंपाला थोडंच ऑइल लागतं, ते उरलेल्या भोकांतून मिळतं, काटा साडेतीन दाखवतो. ओढीला लागलं की पुरत नाही. गॅरेजवाल्याने दाखवलेला काटा खोटा नव्हता आणि मला दिसलेलाही नव्हता.

पेस्ट कुणी लावली, हे मला नंतर कळलं. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता तो, गॅरेजात नुकताच लागलेला. मी संतापाने भरूनच गॅरेजात गेलो होतो. मालक बाहेर गेलेले, हाच एकटा डिझेलमध्ये नॉझल धूत बसलेला. मी फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "काका, शेठ म्हणाले होते, एक थेंब गळता कामा नये. म्हणून मी जास्त लावली." त्याने आळस केलाच नव्हता. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं त्याने जीव लावून केलं होतं. आतल्या बाजूला काय होतं, हे त्याला कुणी कधी दाखवलं नव्हतं. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही, पण त्या मुलावरून तो उठला. तोवर मी हलगर्जीपणा म्हणजे टंगळमंगळ, काम अर्धवट टाकणं, असंच समजत होतो. शिकवायला वेळ न काढता पोराच्या हाती आठ माणसांचं इंजिन देणं, हाही हलगर्जीपणाच आहे, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो.

पैशाचं पुढे असं झालं. क्रँक पाव मिलिमीटर घासून घ्यावा लागला, त्या मापाची बेअरिंगं आणावी लागली, ऑइलचे कॅन पुन्हा. बोट हंगामाच्या ऐन तोंडावर उभी. वकिलाकडे गेलो. त्यांनी सांगितलं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण त्या कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा बसत नाही. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला त्यातून सवलत आहे, मात्र पगारी खलाशी घेऊन चालणारी बोट त्या सवलतीत बसते की नाही, यावर समोरचा वकील भांडणार. दिवाणी दावा हा दुसरा रस्ता, आणि तो लांबचा. शेवटी मच्छीमार सोसायटीतल्या चार ज्येष्ठांसमोर बैठक झाली. फोटो, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले धागे आणि ती तांबडी वाटी मी टेबलावर ठेवली. गॅरेजवाला आधी म्हणाला, हे चाचांनी खोललं तेव्हा पडलं असेल. चाचा काही बोलले नाहीत. आधी काढून ठेवलेल्या फोटोत चेंबर नुकताच खाली आलेला दिसत होता, जाळीला अजून कुणाचा हात लागलेला नव्हता. बेअरिंगं, क्रँकची घासाई आणि मजुरी त्याने दिली. बुडालेल्या मासळीचं काही मिळालं नाही. ते मिळायला हवं होतं असं मला आजही वाटतं, कारण बोट उभी राहिली की मालकाचं कर्ज वाढतं आणि खलाशाच्या घरी पैसे जात नाहीत. पण बंदरावर त्याची रीतच पडलेली नाही.

हा प्रसंग एकटा नव्हता. त्याच्या आधी आणि नंतरही असं घडलं, माझ्याकडे आणि शेजारच्या बोटींवर.

एकदा समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर फाटला. नवीन बसवून दिला, पैसे घेतले, काम संपलं. पण जुन्या इंपेलरची तुटलेली पाती गेली कुठे, हे कुणी विचारलं नाही. ती पाण्याबरोबर पुढे जाऊन कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी बसली होती. बंदरात तापमान ठीक, ओढीला लागलं की चढायचं. आम्ही थर्मोस्टॅट बदलला, कूलंट बदललं. शेवटी कूलरचं झाकण उघडलं तेव्हा ती पाती हाती लागली. जुना इंपेलर मांडून पाती मोजली असती, तर किती कमी आहेत हे तिथेच समजलं असतं.

दुसऱ्या एका बोटीचं हेड बसवताना मिस्त्रीने टॉर्क पाना वापरलाच नाही. हाताचा अंदाज. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या जोराने आवळायचे असतात, नाहीतर हेड एका कोपऱ्यात उचललेलं राहतं. पंधरवड्यात गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये मिसळलं, पट्टीवर पांढरट फेस. त्या मिस्त्रीचा हात खरंच चांगला होता, पण थकलेल्या माणसाचा हात रात्री एक वाजता सकाळइतका जोर लावत नाही.

आणि कपलिंग. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण यावर फार थोडे लोक बोलतात. इंजिन बेडवर बसवल्यावर गियरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आले की नाही, हे कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये फिलर गेज फिरवून बघतात. आमच्याकडे हे बोट किनाऱ्यावर असतानाच करून मोकळे होतात. पण लाकडी बोट पाण्यात उतरली की तिचं वजन वेगळ्या तऱ्हेने पेललं जातं आणि सांगाडा किंचित वाकतो. जमिनीवर जुळलेली रेष पाण्यात जुळतेच असं नाही. मग सगळी बोट थरथरते, ग्लँडमधून पाणी झिरपतं, गियरबॉक्सचं सील जातं, आणि बिचारा मालक पंखा बदलत राहतो. बोट पाण्यात उतरवून दोन दिवस राहू द्यावी आणि मग गेज पुन्हा फिरवावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. गॅरेजवाला त्याच्यासाठी पुन्हा यायला तयार नसतो, कारण त्याचे पैसे मिळालेले असतात.

चाचांचं काम बघणं हे माझं शिक्षण झालं. ते खोललेल्या प्रत्येक कॅपवर आधीचा नंबर आहे का बघतात, नसेल तर पंचाने मारतात. कारण कॅप आपल्याच रॉडला आणि त्याच दिशेने बसली पाहिजे. बोल्ट पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात जागेनुसार खोचून ठेवतात. उघडं हेड, उघडा मॅनिफोल्ड फडक्यांनी बंद करतात आणि फडकी मोजतात. पाच घातली असतील तर इंजिन बंद करण्याआधी पाच हातात आली पाहिजेत. मला आधी हे अति वाटायचं. मग एका इंजिनाच्या एअर पाइपातून निघालेलं फडकं बघितलं आणि मी त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही. काम चालू असताना चाचा कुणाशी बोलत नाहीत, फोन घेत नाहीत. आणि जुलैमध्ये ते एका वेळी एकच इंजिन घेतात. लोक रागावतात, दुसरीकडे जातात. चाचा शांत असतात.

मी आता इंजिनाचं काम जूनमध्ये काढतो. त्यासाठी मार्चपासून दर फेरीला थोडे पैसे बाजूला टाकावे लागतात, आणि ते सोपं नाही. चेंबर बंद होताना मी तिथे उभा असतो. काढलेले जुने भाग मागून घेतो, कारण झिजलेला भाग कुठे झिजला त्यावरून पुष्कळ समजतं. बोट पाण्यात गेली की धक्क्याला चारी बाजूंनी जाड दोरांनी बांधून गियर टाकतो आणि इंजिनावर ओझं देऊन ते चांगलं तापेपर्यंत चालवतो. दर काही मिनिटांनी प्रेशर, तापमान, धुराचा रंग वहीत लिहायचा. धक्क्याची आणि शेजारच्या बोटींची काळजी घेऊन हे करावं लागतं, पण ओढीला जे होणार ते बरंचसं इथेच दिसतं. पहिल्या फेरीनंतर ऑइल फिल्टर पत्रा कापून उघडतो, आतला कागद उलगडून उजेडात धरतो आणि त्यावरून लोहचुंबक फिरवतो. नव्या इंजिनातून थोडी बारीक भुकटी येतेच. चकाकणारे तुकडे किंवा रबर दिसलं तर बोट हलवायची नाही.

आणि बिलाचं. गेल्या काही हंगामांपासून आम्ही काही बोटवाले गॅरेजवाल्यांना सांगतो आहोत, की पैसे दोन भागांत घ्या. मोठा भाग इंजिन ताब्यात देताना, उरलेला खोल पाण्यातली पहिली फेरी सुखरूप झाल्यावर. त्याबरोबर एक कागद, त्यावर कुठले भाग बदलले, हेडचे बोल्ट किती टॉर्कला आवळले, कुठलं ऑइल भरलं, आणि पाण्यात उतरवल्यावर कपलिंग कुणी तपासलं. बहुतेकांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, बोटवाले नंतरचे पैसे बुडवतात, आणि त्यात तथ्य आहे, बुडवणारे आमच्यात आहेत. म्हणून उरलेली रक्कम आधीच सोसायटीकडे जमा ठेवायची असं सुचवलं. एका गॅरेजने ते मान्य केलं आहे. तिथे आता कागदावर सही करतो तो त्या पेस्टवाल्या मुलाच्याच वयाचा एक पोरगा, आणि सही करण्याआधी मालक त्याला प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावतो. बाकीच्या गॅरेजवाल्यांशी येत्या मे महिन्यात, बोटी वर घ्यायच्या आधी, पुन्हा बसायचं ठरलं आहे.